पायाची जखम, गेलेले दिवस आणि कायदा



शेतात काम करणाऱ्याच्या पायाला जखम होणे ही रोजचीच बाब आहे. बाभळीचा काटा, तोडलेल्या उसाच्या बुडख्याचे टोक, खुरप्याचा निसटता घाव, भाताच्या चिखलात लपलेली काच, यांपैकी काही ना काही प्रत्येकाला लागलेले असते. बहुतेक जखमा आठ-दहा दिवसांत भरून येतात आणि आपण त्या विसरूनही जातो. पण एखादी जखम भरत नाही. ती चिघळते, पाऊल सुजते, बोट काळे पडते आणि शेवटी बोट किंवा अख्खे पाऊल कापून काढावे लागते. कमावत्या माणसाचा पाय गेला की त्या घराची शेतीच लंगडी होते.

मग घरात एकच प्रश्न उठतो. डॉक्टरांनी वेळीच लक्ष घातले असते तर पाय वाचला असता का? आणि त्यांनी हयगय केली असेल, तर कोठे दाद मागता येते का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत, ती म्हणजे दिवस. जखम कोणत्या दिवशी झाली, पू केव्हा दिसला, कोणाला केव्हा दाखवले, त्यांनी त्या दिवशी काय तपासले व काय सांगितले, हा हिशेब पाय वाचवण्यासाठीही लागतो आणि न्याय मिळवण्यासाठीही लागतो. म्हणून आधी शरीराची बाजू पाहू आणि नंतर कायद्याची.

जखम का चिघळते?

कातडी ही शरीराची कुंपणभिंत आहे. ती फाटली की माती-शेणातील जंतू आत शिरतात. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. जखमेभोवती थोडी लाली व थोडी सूज येते आणि दोन-तीन दिवसांत ती ओसरते.

पावलाची रचना मात्र वेगळी आहे. तळव्यात स्नायूंचे अरुंद कप्पे आहेत आणि त्यांतून बोटे वाकवणाऱ्या शिरा, म्हणजे स्नायूंचे दोर, घोट्यापर्यंत गेलेले असतात. बोटाच्या बेचक्यात शिरलेला पू या दोरांच्या कडेने तळव्यात उतरतो. वरून जखम चण्याएवढी दिसते आणि आत पुवाचे तळे साचलेले असते. कोंडलेल्या पुवापर्यंत गोळ्या-इंजेक्शनचे औषध पुरेसे पोचत नाही. तो चीर देऊन बाहेर काढावाच लागतो. नुसत्या गोळ्यांवर दिवस काढले तर आतले मांस मरते व जंतू हाडात शिरतात. विष रक्तात भिनले की पायाबरोबर जिवालाही धोका होतो.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या आपण क्षुल्लक समजतो. पण त्यांनी फाटलेली कातडी हेच पुष्कळदा जंतूंचे प्रवेशद्वार असते. नखुरडे चाकूने कोरणे, कुरुपावर बिब्ब्याचा चटका देणे, जखमेत चुना, राख किंवा शेण भरणे, यांमुळेही साधी जखम मोठी होते. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात हेही विसरू नये.

दुखत नाही, म्हणून बरे आहे असे नाही

सर्वांत मोठा धोका मधुमेही माणसाला असतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की तीन गोष्टी घडतात. पायाच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होऊन पावलाला रक्त कमी पोचते आणि पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते. काटा रुतलेला कळत नाही, कळला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही.

वेदनेचे मोल काय आहे हे भारतातच एका शल्यविशारदाने जगाला दाखवून दिले. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. डॉ. ब्रँड यांच्या लक्षात आले की रोगाने नसा बधिर होतात, भाजलेले-कापलेले रोग्याला कळत नाही, तो त्याच पायावर चालत राहतो आणि वारंवार होणाऱ्या या इजांमुळे हातपाय जातात. बधिर पावलावरचा भार काढला, प्लास्टर घालून त्याला विश्रांती दिली, तर जुन्या जखमाही भरतात, हे त्यांनी दाखवले. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले. आज मधुमेही पायाच्या उपचारात जखमेवरचा भार काढणे हा मोठा भाग मानला जातो. म्हणजे तळव्याला जखम असताना रोज पट्टी बदलायची आणि त्याच पायाने रानात जायचे, हा उपचार नव्हे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. आठवडाभर अनवाणी किंवा ढिल्या चपलेत वावरणारा पाय रविवारी मिस्साला जाताना घट्ट बुटात कोंबला जातो. ३ डिसेंबरच्या फेस्ताला बेळगावाकडून, सिंधुदुर्गाकडून जुन्या गोव्यापर्यंत पायी जाणारेही असतात. पाय बधिर असेल तर अशा वेळी आलेला फोड फुटेपर्यंत कळतही नाही. मधुमेहींनी रोज रात्री दिव्याखाली तळवे, टाचा व बेचकी पाहावीत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर आरसा धरावा, नाहीतर घरच्या माणसाला पाहायला सांगावे.

किती उशीर म्हणजे उशीर?

हे आजारावर अवलंबून असते. काही जंतू तासातासाने मांस खात वर चढतात. कातडी झपाट्याने जांभळी-काळी पडते, दाबल्यावर आत वाळू चरचरल्यासारखे वाटते आणि बाहेर दिसते त्याच्या मानाने वेदना फार तीव्र असते. अशा रोग्याला त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. येथे एक रात्रसुद्धा उशीर ठरते.

याउलट काही आजार फार धिम्या चालीचे असतात. ‘मदुरा पाय’ हा त्यांपैकी एक. काट्यावाटे बुरशी किंवा जंतू आत जातात, पाऊल महिनोन् महिने फारसे न दुखता सुजत जाते, त्याला भोके पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक कण येतात. मदुराईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगामागे बुरशी आहे, हे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री कार्टर यांनी मांडले. या रोगात चार दिवसांच्या उशिराने फरक पडत नाही, पण कण तपासायला न पाठवता सहा महिने नुसत्या पट्ट्या बांधत राहणे चुकीचे आहे.

मधुमेही माणसाची चिघळलेली जखम या दोहोंच्या मध्ये येते. येथे उशीर दिवसांनी मोजायचा असतो. पुढीलपैकी एकही खूण दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये :

१) जखमेच्या कडेपासून अंगठ्याच्या रुंदीहून अधिक, म्हणजे दोन सेंटीमीटरहून अधिक लाली पसरणे.
२) ताप, हुडहुडी, छातीत धडधड किंवा गुंगी.
३) दुर्गंधी, पू किंवा काळी-निळी पडलेली कातडी.
४) पायावर वर चढणारी लाल रेघ किंवा जांघेत आलेली दुखरी गाठ.
५) जखमेत हाड दिसणे किंवा लागणे.
६) पाऊल थंड व फिके पडणे.
७) एरवी ताब्यात असलेली साखर एकाएकी वाढणे.

लाली पसरते आहे की नाही हे ओळखण्याचा साधा उपाय आहे. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ काढावी व शेजारी तारीख आणि वेळ लिहावी. सकाळी लाली रेघेबाहेर गेली असेल तर आजार वाढतो आहे. ही रेघ डॉक्टरांनाही दाखवावी.

डॉक्टरांकडून काय अपेक्षित आहे?

गावातल्या दवाखान्यात महागडी यंत्रे नसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण काही गोष्टींना यंत्र लागत नाही. पायाची चिघळलेली जखम घेऊन आलेल्या माणसाला मधुमेह आहे का हे विचारणे, बोटाला टोचून साखर पाहणे, पावलाच्या वरच्या बाजूची व घोट्यामागची नाडी चाचपणे, पाय बधिर आहे का ते पाहणे, जखम किती खोल आहे ते पाहणे, धनुर्वाताच्या लशीची चौकशी करणे, ताप मोजणे, एवढे कोणत्याही डॉक्टरला करता येते. आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात पाठवणे, हाही उपचारच आहे.

मोठ्या इस्पितळात याखेरीज रक्ताची तपासणी, एक्स-रे, जखमेच्या खोल भागातील मांसाचा तुकडा जंतुपरीक्षेला पाठवणे आणि रक्तपुरवठ्याची तपासणी होते. मेलेले मांस कापून काढले जाते व पुवाला वाट दिली जाते. हाडातील जंतुसंसर्ग पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असे नाही. म्हणून पहिला एक्स-रे चांगला आला तरी जखम भरत नसेल तर तो पुन्हा काढावा लागतो. नाडी लागत नसेल तर बोट कापण्याआधी रक्तवाहिनी मोकळी करता येईल का, हे पाहणे महत्त्वाचे असते. रक्तच पोचत नसेल तर कापलेली जागाही भरत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हलगर्जीपणा म्हणजे काय?

पाय गेला म्हणजे डॉक्टर दोषी, असे कायदा मानत नाही. उत्तम उपचार होऊनही मधुमेही माणसाचा पाय जाऊ शकतो. कायदा तीन गोष्टी विचारतो. डॉक्टरने रोग्याला उपचारासाठी स्वीकारले होते का? त्या जागी असलेल्या सामान्य, जाणत्या डॉक्टरने जे केले असते, त्याहून हा डॉक्टर कमी पडला का? आणि त्या कमी पडण्यामुळेच नुकसान झाले का?

हे माप ठरवणारा एक जुना निकाल आपल्याच मुलुखातला आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. काही दिवसांनी त्याला पुण्याच्या एका इस्पितळात नेले आणि तेथे त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. भूल न देता जोर लावून पाय ओढल्याचा ठपका न्यायालयाने डॉक्टरांवर ठेवला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये लागला. रोगी घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. सर्वश्रेष्ठ कौशल्याची अपेक्षा नाही, पण अगदीच कमी कौशल्यही चालणार नाही, असे हे माप आहे.

ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राची औषधे देणे हाही हलगर्जीपणा ठरतो. मुंबईत एका होमिओपॅथिक डॉक्टरने तापाच्या रोग्याला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली व पुढे रोगी दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरून तीन लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. म्हणून पायावर इंजेक्शन घेण्यापूर्वी भिंतीवरची पदवी वाचण्यात संकोच करू नये.

उपचार नाकारणे वा टाळणे याबद्दलही निकाल आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खाजगी इस्पितळात पैसे भरून त्याच्यावर उपचार झाले. शेतमजुरांच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. तातडीच्या वेळी सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले आणि सरकारला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

उशीर कोणाचा? एक उदाहरण

समजा, पन्नाशीतला एक मधुमेही शेतकरी आहे. सोमवारी उसाच्या फडात त्याच्या तळव्याला बुडखा लागला. दुखले नाही, म्हणून त्याने चिंधी बांधली. शुक्रवारी चपलेला पू लागलेला दिसला. शनिवारी तो जवळच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. मधुमेहाचे विचारले नाही, साखर पाहिली नाही. पुढे रोज पट्टी बदलली गेली. बुधवारी लाली घोट्यापर्यंत आली, गुरुवारी ताप चढला, तरी त्याच गोळ्या चालू राहिल्या. दुसऱ्या शनिवारी घरच्यांनी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया मंगळवारी झाली आणि अर्धे पाऊल काढावे लागले.

आता दिवसांची वाटणी करू. पहिले पाच दिवस रोग्याच्या बाजूचे आहेत. पहिल्या शनिवारी साखर न पाहणे ही डॉक्टरांची चूक दिसते. पण बुधवार ते शनिवार हे दिवस सर्वांत महत्त्वाचे आहेत. लाली वर चढली, ताप आला, तरीही पुढे पाठवले नाही. सामान्य जाणत्या डॉक्टरने येथे थांबून राहणे पसंत केले नसते, असे दुसरा तज्ज्ञ म्हणू शकेल. मोठ्या इस्पितळातले तीन दिवस मात्र कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. ते साखर उतरवण्यात व रक्तवाहिन्या तपासण्यात गेले असतील आणि दरम्यान शिरेतून औषध चालू असेल, तर त्यांत दोष नसेल. पू कोंडलेला आहे हे दिसत असूनही केवळ शल्यविशारद सुट्टीवर म्हणून रोगी पडून राहिला असेल, तर दोष असेल.

याच गोष्टीत एक बदल करू. बुधवारी डॉक्टरांनी केसपेपरवर ‘आजच मोठ्या इस्पितळात जावे’ असे लिहिले आणि शेतकरी म्हणाला, “ऊस कारखान्याला गेला की जातो.” मग तेथून पुढचा उशीर डॉक्टरांचा राहत नाही. पाय तोच, नुकसान तेच, पण निकाल वेगळा. इस्पितळातून ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करून रोगी घरी आणला तरी हेच होते. पैशाअभावी न्यायचे असेल तर तसे सांगून सरकारी इस्पितळासाठी चिठ्ठी मागावी व थेट तेथेच जावे. वाटेत घरी मुक्काम करू नये.

दाद कोठे मागावी?

ग्राहक आयोग : १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. ज्या इस्पितळात काहींकडून पैसे घेतात व काहींना फुकट तपासतात, तेथील फुकट रोग्यालाही हा हक्क आहे. बिल विमा कंपनीने भरले तरी ती फुकट सेवा ठरत नाही. आता २०१९ चा कायदा लागू आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. इस्पितळ दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. इस्पितळाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही.

प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, असे २०१० मध्ये हैदराबादच्या एका इस्पितळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेथे मलेरियाच्या रोग्याला टायफॉइडचा उपचार दिला गेला होता. तरीही पायाच्या बाबतीत ‘उशिरामुळेच पाय गेला’ हे दाखवायचे असते. म्हणून दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे लेखी मत मिळाले तर बाजू भक्कम होते.

दिवाणी न्यायालय : जे सरकारी इस्पितळ सर्वांनाच फुकट तपासते ते ग्राहक कायद्याखाली येत नाही. पण सरकार जबाबदारीतून सुटत नाही. १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी इस्पितळात एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी टॉवेल राहिला व ती दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरले आणि खालच्या न्यायालयाने दिलेली छत्तीस हजारांची भरपाई कायम केली. न्याय मिळाला, पण तेहतीस वर्षे गेली, हेही ध्यानात घ्यावे.

वैद्यक परिषद : प्रत्येक राज्याच्या वैद्यक परिषदेकडे डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार करता येते. ती डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. भरपाई मात्र तेथे मिळत नाही.

पोलीस : फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा फार मोठ्या प्रमाणातला असावा लागतो. पोलिसांनी पुढे जाण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे, असे २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे. दवाखान्यात आरडाओरडा व मोडतोड करणाऱ्यावरच उलट गुन्हा दाखल होतो. शिवाय त्यामुळे उद्या दुसऱ्या कोणाच्या पायासाठी डॉक्टर गावात राहत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

कागद सांभाळा

खटला कागदावर उभा राहतो किंवा कागदाअभावी पडतो. पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी, औषधांच्या पावत्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, पुढे पाठवल्याची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, सर्व एका पिशवीत तारखेच्या क्रमाने ठेवावे. गावातले डॉक्टर चिठ्ठी देत नसतील तर नम्रपणे मागावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे (२००२) इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि मागितल्यावर बहात्तर तासांत त्यांच्या प्रती द्याव्या लागतात. मागणी लेखी करावी व आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. जखमेचा रोज एक फोटो काढून ठेवावा. आज बहुतेक घरांत फोन आहे आणि फोटोला तारीख आपोआप लागते.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर न वाचता सही करू नये. काय कापणार, का कापणार, दुसरा उपाय आहे का, हे विचारावे. एका शस्त्रक्रियेची संमती म्हणजे दुसरीची संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या घाईचा.

थोडक्यात

जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा आणि स्वच्छ फडके बांधा. धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते आठवत नसेल तर दवाखान्यात जाऊन घ्या. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःच सांगा. चाळिशी उलटली असेल व साखर कधीच पाहिली नसेल तर पाहून घ्या. कढत पाण्यात पाय बुडवू नका. लाली वाढली, ताप आला किंवा दुर्गंधी सुटली तर डॉक्टरांना सरळ विचारा, “मला मोठ्या इस्पितळात जायला हवे का? तसे चिठ्ठीवर लिहून द्याल का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. त्यांनी जा म्हटले तर त्याच दिवशी जा. बेळगावचे जिल्हा रुग्णालय, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय यांसारखी मोठी सरकारी इस्पितळे याच कामासाठी आहेत. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

न्यायालय भरपाई देऊ शकते, पाऊल परत देऊ शकत नाही. म्हणून घरात कोणाचा पाय चिघळलेला असेल तर हा लेख वाचून बाजूला ठेवताच कॅलेंडर काढा, जखम झाली त्या तारखेवर खूण करा आणि आजचा दिवस कितवा आहे ते मोजा.